मॉडेलफॉर्म सेव्ह होताना आत काय घडतं, आणि त्यात हात कुठे घालायचा

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून, म्हणजे टेबलच्या वर्णनावरून बनणारा फॉर्म) लिहिला, व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) इज_व्हॅलिड() तपासलं आणि सेव्ह() केलं की रेकॉर्ड तयार. फॉर्ममध्ये दिसतं तेच टेबलमध्ये जायचं असेल तोवर एवढं पुरतं. पण लॉगिन केलेल्या युजरचं नाव रेकॉर्डला लागायला हवं, शीर्षकावरून स्लग (वेबपत्त्यात जाणारं शीर्षकाचं रूप) बनायला हवा, एका चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिलेले टॅग वेगळ्या टेबलमध्ये जायला हवेत, अशा मागण्या सुरू झाल्या की जो तो सापडेल त्या जागी चार ओळी घुसडतो. त्या चालतात, आणि मग रेकॉर्ड सांभाळायच्या जँगोच्या तयार अ‍ॅडमिनमधून तोच फॉर्म वापरला की चालत नाहीत.

खालच्या उदाहरणांत ‘लेख’ नावाचं मॉडेल धरलं आहे: शीर्षक, स्लग, मजकूर, लेखक आणि टॅग. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

इज_व्हॅलिड() नुसती तपासणी करत नाही

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, म्हणून क्रम नीट बघू. इज_व्हॅलिड() बोलावल्यावर आधी एकेक फील्ड साफ होतं, म्हणजे क्लीन_शीर्षक() वगैरे मेथड चालतात. मग फॉर्मचं क्लीन() चालतं. आणि शेवटी _पोस्ट_क्लीन(), जे फक्त मॉडेलफॉर्ममध्ये काम करतं. या शेवटच्या पायरीत क्लीन्ड_डेटामधल्या व्हॅल्यू फॉर्म.इन्स्टन्सवर चढवल्या जातात, आणि मग त्या ऑब्जेक्टवर मॉडेलचं स्वतःचं फुल_क्लीन() चालतं. म्हणजे इज_व्हॅलिड() ट्रू म्हणून परत येतं तेव्हा ऑब्जेक्ट मेमरीत भरून तयार असतो. डेटाबेसमध्ये मात्र अजून काहीही लिहिलेलं नसतं.

सेव्ह() त्यामानाने अगदी छोटं आहे. फॉर्ममध्ये चुका असतील तर ते व्हॅल्यूएरर फेकतं. कमिट=ट्रू असेल तर इन्स्टन्स.सेव्ह() करतं आणि लगेच _सेव्ह_एमटूएम() चालवून मेनी-टू-मेनी नाती (एका लेखाला अनेक टॅग, एका टॅगला अनेक लेख) लिहितं. कमिट=फॉल्स असेल तर काहीच न लिहिता फॉर्मवर सेव्ह_एमटूएम() ही मेथड ठेवून देतं, ती नंतर तुम्ही बोलवायची. दोन्ही वेळा इन्स्टन्स परत मिळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: इज_व्हॅलिड() झाल्यावर फॉर्म.क्लीन्ड_डेटा["शीर्षक"] बदललं तर सेव्ह होताना त्याचा काही उपयोग नाही, कारण व्हॅल्यू आधीच इन्स्टन्सवर गेलेली असते. तिथून पुढे बदल करायचा तर फॉर्म.इन्स्टन्स.शीर्षक बदलायचं. दुसरी: एडिट करताना व्हॅलिडेशन फसलं तरी जी फील्ड पास झाली त्यांच्या नव्या व्हॅल्यू ऑब्जेक्टवर चढलेल्या असू शकतात. त्याच व्ह्यूमध्ये पुढे कुणी ‘शेवटचं कधी पाहिलं’ अशी वेळ टाकून लेख.सेव्ह() केलं, तर नाकारलेल्या फॉर्ममधला अर्धामुर्धा डेटा गुपचूप टेबलमध्ये जातो. फॉर्म फसला की तो ऑब्जेक्ट पुन्हा वापरू नका. लागलाच तर डेटाबेसमधून नव्याने आणा.

लॉगिन केलेला युजर रेकॉर्डला लावणं

लेखक हे फील्ड फॉर्ममध्ये ठेवायचं नाही, लपवलेल्या इनपुटमध्ये तर मुळीच नाही. ब्राउझरकडून येणारी कुठलीही व्हॅल्यू पाठवणाऱ्याला बदलता येते. २०१२ मध्ये गिटहबवर नेमकं हेच दिसलं होतं: फॉर्ममध्ये जास्तीचा युजर आयडी घालून एकाने रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा हक्क मिळवला. जँगोने आवृत्ती १.८ पासून मेटामध्ये (फॉर्मच्या आतल्या सेटिंगच्या क्लासमध्ये) फील्ड्स किंवा एक्सक्लूड यांपैकी एक देणं सक्तीचं केलं ते अशाच धोक्यामुळे. फील्ड्सची यादी हाताने लिहा. ‘__ऑल__’ लिहिलं की उद्या मॉडेलमध्ये येणारं प्रत्येक नवं फील्ड आपोआप फॉर्ममध्ये उघडं पडतं.

युजर लावायच्या तीन जागा आहेत. सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे सेव्ह(कमिट=फॉल्स) करून लेखक भरायचा आणि मग सेव्ह करायचं. यात सेव्ह_एमटूएम() विसरलं की टॅग हरवतात, आणि एररही येत नाही. दुसरी, फॉर्म.सेव्ह() च्या आधी फॉर्म.इन्स्टन्स.लेखक = रिक्वेस्ट.युजर. एक ओळ, कमिटची भानगडच नाही. तिसरी जागा सगळ्यांत चांगली, आणि तीच सगळ्यांत कमी दिसते: फॉर्म बनवतानाच अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट देणं.

    फॉर्म = लेखफॉर्म(
        रिक्वेस्ट.पोस्ट,
        इन्स्टन्स=लेख(लेखक=रिक्वेस्ट.युजर),
    )

फायदा असा की मॉडेलचं क्लीन() चालतं तेव्हा लेखक आधीच जागेवर असतो. नाहीतर क्लीन() मध्ये सेल्फ.लेखक वाचलं की रिलेटेडऑब्जेक्टडझनॉटएग्झिस्ट येतं आणि पान पाचशेच्या, म्हणजे सर्व्हरच्या एररवर जातं.

क्लास-बेस्ड क्रिएटव्ह्यू असेल तर हेच गेट_फॉर्म_क्वार्ग्स() मध्ये करा, किंवा फॉर्म_व्हॅलिड() मध्ये फॉर्म.इन्स्टन्स.लेखक भरून सुपर().फॉर्म_व्हॅलिड(फॉर्म) परत करा. तिथे स्वतः फॉर्म.सेव्ह() करून वर सुपर() बोलावलं की रेकॉर्ड दोनदा सेव्ह होतो. ओळी दोन पडत नाहीत, कारण ऑब्जेक्ट तोच असतो आणि दुसऱ्या खेपेला अपडेट होतं. पण पोस्ट_सेव्ह सिग्नल (सेव्ह झाल्यावर जँगो देतं ती सूचना) दोनदा वाजतो, आणि त्यावर ईमेल जोडलेली असेल तर तीही दोनदा जाते.

आता एक खाच. समजा एका लेखकाचे दोन लेख एकाच शीर्षकाचे चालत नाहीत, आणि तसं युनिककन्स्ट्रेंट (डुप्लिकेट अडवणारं डेटाबेसचं बंधन) लेखक व शीर्षक या जोडीवर आहे. लेखक फॉर्ममध्ये नाही, म्हणून मॉडेलचं व्हॅलिडेशन तो वगळतं. आणि जोडीतलं एक फील्ड वगळलं की अख्खी जोडीच तपासली जात नाही. लेखक इन्स्टन्सवर आधी भरला असला तरीसुद्धा. फॉर्म व्हॅलिड ठरतो आणि सेव्ह करताना इंटेग्रिटीएरर येतो. यावर फॉर्मच्या क्लीन() मध्ये स्वतः तपासा: त्या लेखकाचा त्याच शीर्षकाचा लेख फिल्टर करा, .एक्सक्लूड(पीके=सेल्फ.इन्स्टन्स.पीके) लावा (पीके म्हणजे रेकॉर्डचा आयडी) आणि एग्झिस्ट्स() बघा. एक्सक्लूड विसरलात तर एडिट करताना लेख स्वतःलाच डुप्लिकेट ठरवेल. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर ही तपासणीही निसटते, म्हणून कन्स्ट्रेंट काढायचं नाही. सेव्ह() ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिक() मध्ये घ्या, इंटेग्रिटीएरर त्या ब्लॉकच्या बाहेर पकडा आणि फॉर्म.अ‍ॅड_एरर() ने युजरला दाखवा. एरर ब्लॉकच्या आत पकडली तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ते ट्रान्झॅक्शन मोडलेलंच राहतं आणि पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते.

सेव्ह() ओव्हरराइड करताना

जो नियम फॉर्मचाच आहे, म्हणजे हा फॉर्म कुठूनही वापरला तरी लागू व्हावा, तो व्ह्यूमध्ये न ठेवता फॉर्मच्या सेव्ह() मध्ये ठेवावा. साचा ठरलेला आहे:

    डेफ सेव्ह(सेल्फ, कमिट=ट्रू):
        लेख = सुपर().सेव्ह(कमिट=फॉल्स)
        इफ नॉट लेख.स्लग:
            लेख.स्लग = स्लग_बनवा(लेख.शीर्षक)
        इफ कमिट:
            लेख.सेव्ह()
            सेल्फ.सेव्ह_एमटूएम()
        रिटर्न लेख

यातली एकही ओळ शोभेची नाही. कमिट हे आर्ग्युमेंट गाळलं तर अ‍ॅडमिन टाइपएरर देतं, कारण ते फॉर्मला सेव्ह(कमिट=फॉल्स) असंच बोलावतं. शेवटचं रिटर्न विसरलं तर क्रिएटव्ह्यूमध्ये सेल्फ.ऑब्जेक्ट नन होतो, रेकॉर्ड व्यवस्थित सेव्ह होतो आणि रिडायरेक्ट करताना पान कोसळतं. युजर वैतागून पुन्हा सबमिट दाबतो, की झाली डुप्लिकेट ओळ. आणि सुपर().सेव्ह() हे कमिट=ट्रू ने बोलावून पुढे सेल्फ.सेव्ह_एमटूएम() केलं तर अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो, कारण ती मेथड कमिट=फॉल्स असतानाच तयार होते.

स्लगवरून आठवलं. जँगोचं स्लगिफाय() मुळात अ‍ॅस्कीबाहेरचं सगळं टाकून देतं, त्यामुळे देवनागरी शीर्षकाचा स्लग रिकामा येतो. अलाऊ_युनिकोड=ट्रू दिलं तरी पुरतं काम होत नाही: पायथनचा रेगेक्स काना-मात्रांना अक्षर मानत नाही, म्हणून ‘मराठी लेख’चं ‘मरठ-लख’ होतं. वर स्लग_बनवा() असं वेगळं फंक्शन आहे ते म्हणूनच. त्यात मात्रा राखणारा स्वतःचा नियम लिहा, नाहीतर सरळ आयडीवर आधारलेला पत्ता ठेवा.

टॅगची चौकट

युजर एका टेक्स्टबॉक्समध्ये ‘डेटाबेस, फॉर्म, पायथन’ असं लिहितो, आणि टॅग टेबलमध्ये हवे तेवढे रेकॉर्ड बनून लेखाला जोडले जायला हवेत. लेख डेटाबेसमध्ये जाऊन त्याला आयडी मिळाल्याशिवाय मेनी-टू-मेनी नातं लिहिताच येत नाही. आयडी नसताना प्रयत्न केला तर व्हॅल्यूएरर येतो.

बरेच जण हे काम वरच्या साच्यातल्या ‘इफ कमिट’च्या आत टाकतात. स्वतःच्या व्ह्यूमध्ये ते चालतं. अ‍ॅडमिनमध्ये टॅग कधीच लागत नाहीत, कारण अ‍ॅडमिन आधी फॉर्म.सेव्ह(कमिट=फॉल्स), मग सेव्ह_मॉडेल() आणि शेवटी सेव्ह_रिलेटेड() मधून फॉर्म.सेव्ह_एमटूएम() अशा क्रमाने जातं. ‘इफ कमिट’च्या आत ते शिरतच नाही. ‘इफ कमिट’च्या बाहेर टाकलं तर आयडी नसल्याची एरर. दोन्ही वाटांना चालणारी जागा एकच, ती म्हणजे _सेव्ह_एमटूएम():

    क्लास लेखफॉर्म(फॉर्म्स.मॉडेलफॉर्म):
        टॅग_ओळ = फॉर्म्स.कॅरफील्ड(रिक्वायर्ड=फॉल्स)

        डेफ क्लीन_टॅग_ओळ(सेल्फ):
            ओळ = सेल्फ.क्लीन्ड_डेटा["टॅग_ओळ"]
            तुकडे = [त.स्ट्रिप() फॉर त इन ओळ.स्प्लिट(",")]
            रिटर्न [त फॉर त इन तुकडे इफ त]

        डेफ _सेव्ह_एमटूएम(सेल्फ):
            सुपर()._सेव्ह_एमटूएम()
            यादी = []
            फॉर नाव इन सेल्फ.क्लीन्ड_डेटा["टॅग_ओळ"]:
                टॅ, नवा = टॅग.ऑब्जेक्ट्स.गेट_ऑर_क्रिएट(नाव=नाव)
                यादी.अपेंड(टॅ)
            सेल्फ.इन्स्टन्स.टॅग.सेट(यादी)

मेटामध्ये टॅग हे मूळ फील्ड घेऊ नका, नाहीतर सुपर() एक यादी लिहील आणि पुढच्या ओळीत आपण दुसरी. नावापुढे अंडरस्कोर असल्यामुळे ही जँगोची आतली मेथड आहे हे लक्षात असू द्या. आवृत्ती बदलताना हिची टेस्ट चालवून बघायची. गेट_ऑर_क्रिएट() मॉडेलचं फुल_क्लीन() चालवत नाही, म्हणून टॅगच्या नावाची लांबी क्लीन_टॅग_ओळ() मध्येच तपासा. कॉलममध्ये पन्नास अक्षरांची मर्यादा आणि युजरने अख्खं वाक्य चिकटवलं, तर पोस्टग्रेस थेट डेटाएरर देतं.

एडिटसाठी ही चौकट आधीच्या टॅगनी भरून यायला हवी. __इनिट__() मध्ये सुपर() झाल्यावर इन्स्टन्सला पीके असेल तर सेल्फ.इनिशियल["टॅग_ओळ"] मध्ये जुनी नावं स्वल्पविरामांनी जोडून ठेवा. हे राहिलं तर लेखातली एक वेलांटी सुधारून सेव्ह करणाऱ्याचे सगळे टॅग उडतात: चौकट रिकामी येते, आणि सेट([]) आज्ञाधारकपणे सगळं काढून टाकतं.

टेम्प्लेटमध्ये न दिसणारं फील्ड

हेही तसंच, पण जास्त फसवं. फील्ड फॉर्मच्या यादीत आहे आणि टेम्प्लेटमध्ये हाताने इनपुट मांडताना ते राहून गेलं. आता एडिट केलं की काय होईल ते फील्डवर ठरतं. फील्ड आवश्यक असेल तर फॉर्म व्हॅलिड होत नाही आणि एररही त्याच न मांडलेल्या फील्डची असते, म्हणून ‘सेव्ह दाबलं तरी काही होत नाही’ अशी तक्रार येते. ब्लँक=ट्रू असून मॉडेलमध्ये डिफॉल्ट नसेल तर जुनी व्हॅल्यू पुसली जाऊन रिकामी होते. डिफॉल्ट असेल तर जँगो त्या फील्डला हात लावत नाही, आधीची व्हॅल्यू राहते. चेकबॉक्स मात्र याला अपवाद: टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे ‘पाठवला नाही’ आणि ‘टिक काढली’ यांत फरक करायला जागाच नाही, आणि डिफॉल्ट ट्रू असलं तरी फॉल्स लिहिलं जातं. जे दाखवायचं नाही ते फॉर्मच्या यादीतूनच काढा. दाखवायचं पण बदलू द्यायचं नाही, तर फील्डला डिसेबल्ड=ट्रू द्या; मग कुणी व्हॅल्यू बदलून पाठवली तरी ती दुर्लक्षित होते. एचटीएमएलमधलं रीडओन्ली हे संरक्षण नव्हे.

फाइल असेल तर टेम्प्लेटमधल्या फॉर्म टॅगला मल्टिपार्ट एन्कोडिंग आणि व्ह्यूमध्ये रिक्वेस्ट.फाइल्स, दोन्ही लागतात. अपलोड_टू फंक्शनमध्ये इन्स्टन्स.पीके वापरलं असेल तर पहिल्या सेव्हला तो नन असतो आणि फाइल ‘नन’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

फक्त बदललेलंच लिहिणं

मॉडेलचं सेव्ह() सगळे कॉलम लिहितं. दोघांनी एकच लेख उघडला, एकाने शीर्षक बदललं, दुसऱ्याने मजकूर, तर नंतर सेव्ह करणाऱ्याच्या फॉर्ममधलं जुनं शीर्षक पहिल्याचं काम पुसतं. फॉर्म.चेंज्ड_डेटा ही बदललेल्या फील्डची यादी इथे हाताशी असते, पण ती जशीच्या तशी अपडेट_फील्ड्सला देऊ नका. त्यात टॅग_ओळ सारखी फॉर्मपुरती नावं आणि मेनी-टू-मेनी फील्डही येतात, आणि त्यावर जँगो व्हॅल्यूएरर देतं. ‘शेवटचा बदल’ असं ऑटो_नाऊ (दर सेव्हला वेळ आपोआप भरणारं) फील्ड उलट त्या यादीत नसतं, म्हणून ते अपडेट होत नाही. ते नाव हाताने घालावं लागतं. शिवाय चेंज्ड_डेटा ठरतो तो फॉर्म सबमिट होताना डेटाबेसमधून आणलेल्या व्हॅल्यूशी तुलना करून, युजरने पान उघडलं तेव्हाच्या नव्हे. त्यामुळे वरच्या दोघांच्या भांडणात दुसऱ्याचं जुनं शीर्षकही ‘बदललेलं’च ठरतं. खरा उपाय आवृत्ती क्रमांकाचा: फॉर्मबरोबर लपवलेला क्रमांक पाठवा, सेव्ह करताना पीके आणि तो क्रमांक दोन्हींवर फिल्टर करून अपडेट() करा, आणि शून्य ओळी बदलल्या तर ‘मध्ये कुणीतरी हा लेख बदलला आहे’ असं सांगा. इथे क्रमांक लपवलेल्या इनपुटमध्ये चालतो, कारण तो खोटा पाठवून कुणाला जास्तीचा हक्क मिळत नाही. अपडेट() मॉडेलचं सेव्ह() आणि सिग्नल दोन्ही टाळतं, हे मात्र धरून चाला.

पालक आणि त्याच्या ओळी

एका लेखाबरोबर त्याच्या चित्रांच्या ओळी एकाच पानावर घ्यायच्या असतील तर इनलाइन फॉर्मसेट (पालकाच्या फॉर्मबरोबर येणारा, त्याच्या ओळींच्या फॉर्मचा गट) वापरा. आधी दोन्हींचं व्हॅलिडेशन वेगवेगळ्या ओळींत करून निकाल व्हेरिएबलमध्ये ठेवा. ‘फॉर्म.इज_व्हॅलिड() अँड फॉर्मसेट.इज_व्हॅलिड()’ असं एका दमात लिहिलं तर पहिलं फसल्यावर दुसरं चालतच नाही, आणि युजरला चुका दोन हप्त्यांत कळतात. मग ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिक() मध्ये लेख सेव्ह करा, फॉर्मसेट.इन्स्टन्स त्या लेखाला लावा आणि फॉर्मसेट.सेव्ह() करा.

फॉर्मसेटला कमिट=फॉल्स दिलं तर फक्त नवे आणि बदललेले ऑब्जेक्ट मिळतात. ‘काढून टाका’ टिक केलेले आपोआप डिलीट होत नाहीत, फॉर्मसेट.डिलीटेड_ऑब्जेक्ट्सवर लूप फिरवून ते स्वतः काढायचे, आणि शेवटी फॉर्मसेट.सेव्ह_एमटूएम(). ईमेल किंवा बाहेरच्या सर्व्हिसला कळवणं ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट() मध्ये द्या. नाहीतर तिसऱ्या ओळीवर एरर येऊन सगळं रोलबॅक होतं आणि नसलेल्या लेखाची ईमेल पोचलेली असते.

टेस्ट

फॉर्मची टेस्ट व्ह्यूशिवाय लिहिता येते: फॉर्मला डेटा म्हणून डिक्शनरी द्या, बस. चार केस पुरेशा आहेत. सेव्ह() थेट. सेव्ह(कमिट=फॉल्स), मग ऑब्जेक्टचं सेव्ह(), मग सेव्ह_एमटूएम(), म्हणजे अ‍ॅडमिनची वाट. आधीच्या ऑब्जेक्टवर, टेम्प्लेट जेवढी इनपुट मांडतं तेवढ्याच डेटाने एडिट, आणि त्यानंतर रिफ्रेश_फ्रॉम_डीबी() करून न छेडलेली फील्ड जशीच्या तशी आहेत का ते बघणं. आणि दुसऱ्या युजरचा आयडी डेटात घुसडून, लेखक बदलत नाही याची खात्री. रिफ्रेश वगळलं तर टेस्ट मेमरीतला ऑब्जेक्टच तपासते, आणि तो तर इज_व्हॅलिड() पासूनच भरलेला असतो.